ओवाळणीची मार्कशीट

आनंद नगर, भोपाळ
६ जुलै २०२५

ती. शारदा आत्यास,
गौरांगचा सा. न. वि. वि.

आत्या, सगळं बदललं ते अपघाताने नाही. अपघातानंतर दोन मिनिटांनी ताईने माझ्या हातातून गाडीची किल्ली काढून घेतली आणि मी ती काढू दिली, तेव्हा बदललं. गेल्या वर्षीची २१ जानेवारी, संध्याकाळचे पावणेसात, करोंद मंडीच्या अलीकडचं वळण.

तू दचकली असशील. तुला, बाबांना, कोर्टाला एवढंच माहीत आहे की गाडी कांचनताई चालवत होती. गाडी मी चालवत होतो, आणि माझ्याकडे लायसन्सही नव्हतं. हे फोनवर सांगणार होतो, पण बाबा शेजारच्या खुर्चीतच असतात, आणि तू 'हं, हं' करायला लागलीस की माझ्या तोंडून आपोआप खोटं निघतं.

त्या दिवशी मेघाच्या स्टेटसवर एका मॅरेज गार्डनचा फोटो होता. फुलांची कमान, आत खुर्च्या. मेघा माझ्याच वर्गातली, दीड वर्षं मी तिच्यासाठी वेडा झालो होतो, आणि मला वाटलं तिचा साखरपुडा आहे. डोकं फिरलं. बाबांच्या गाडीची किल्ली खुंटीवरून काढली. ताई पोळ्या करत होती. कणकेच्या हातांनी धावत आली आणि मला उतरवता येईना म्हणून शेजारी येऊन बसली. वाटभर ती हळू म्हणत होती आणि मी तिच्याकडे वळून ओरडत होतो. तेवढ्यात सायकल आली.

लोक जमायच्या आत ताई म्हणाली, "तुझ्याकडे लायसन्स नाही, तुझं इंजिनिअरिंग संपेल. ऊठ, या बाजूला ये." मी उठलो. मग त्या माणसाला मागच्या सीटवर घेऊन तिनेच गाडी हॉस्पिटलात नेली. गोविंद त्याचं नाव, मंडीत हमाल होता, बावन्न वर्षांचा. तिसऱ्या दिवशी वारला. त्याच दिवशी मला कळलं की साखरपुडा मेघाच्या मोठ्या बहिणीचा होता.

पुढचं तुला ठाऊक आहे. ताईने गुन्हा कबूल केला, यंदाच्या एप्रिलमध्ये दीड वर्षाची शिक्षा झाली, शाळेने तिला नोकरीवरून काढलं. अपील करणार नाही म्हणाली. तू तेव्हा तिला हट्टी म्हणालीस. अपील म्हणजे गाडी कोण चालवत होतं हे परत विचारणार, म्हणून तो हट्ट.

आता उरलेलं. ज्या इंजिनिअरिंगसाठी ती आत गेली ते मी मे महिन्यात सोडलं. वर्गातला चिन्मय मला बघून 'जेलवाली दीदी का भाई' म्हणाला. मी त्याला मारलं. कॉलेजवाले माफी लिहून द्या म्हणाले. माफी मागायला मला जागा खूप आहेत आत्या, पण चिन्मय त्यात बसत नाही. बॅग उचलली आणि निघून आलो. रोज सकाळी डबा घेऊन निघतो, बाबांना वाटतं कॉलेज. मी बिट्टन मार्केटात समीरच्या दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरत बसतो. ताईला पत्रात प्रॅक्टिकलच्या गोष्टी रचून लिहितो.

काय करू ते सांग. लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. ओळख तरी ठेव.

तुझा
गौरांग


इंदूर
१४ जुलै २०२५

चि. गौरांग यास,
आशीर्वाद. सवयीने लिहिला गेला, आता खोडत नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी जेवले, कारण बासष्टाव्या वर्षी रागाने उपाशी राहिलं तर चक्कर आपल्यालाच येते.

मला सांगून तुझं ओझं हलकं झालं असेल. ते आता माझ्याकडे आलं, आणि मी ते तुझ्या बापासमोर फोनवर लपवते आहे. आमच्या घरात गप्प बसणाऱ्यांची संख्या तू एकाने वाढवलीस, एवढंच झालं.

काय करू म्हणून विचारतोस. मी सांगितलं तर उद्या म्हणशील, आत्याने सांगितलं म्हणून केलं. माझ्या वर्गात चाळीस वर्षं मी कोणाला उत्तर सांगितलं नाही. मात्र एक बजावते. कबूल करायचं असेल तर आधी कांचनला कळू दे, आणि 'मला सहन होत नाही' म्हणून करू नकोस. सहन ती करते आहे. कॉलेजचं तरी आधी सांग, तोंडाने, तिच्यासमोर उभं राहून. पत्रात तू फार छान लिहितोस, तोच तुझा घोळ आहे.

तुझ्या बापाला, अशोकला, त्याच्या गोळ्या वेळेवर दे. माया कमी झालेली नाही, जरा आंबली आहे.

शारदा आत्या


महिला वॉर्ड, भोपाळ
२१ सप्टेंबर २०२५

चि. गौरांग यास,
अनेक उत्तम आशीर्वाद आणि एक चापट.

चापट अशासाठी की मागच्या पत्रात तू त्या दिवसाबद्दल काहीतरी लिहायला लागला होतास. आमची पत्रं आधी गेटवर मॅडम वाचतात, हे तुला तिसऱ्यांदा सांगते. त्या मराठी समजणाऱ्या आहेत, माहेर नागपूरचं. झालं ते झालं, त्यावर कोर्टाचा शिक्का बसला. तू खाण्यापिण्याचं, अभ्यासाचं, बाबांचं लिही. मॅडमना आता तुझी इतकी माहिती झाली आहे की परवा मला विचारलं, "भाई का पेपर कैसा गया?"

मी बरी आहे. सकाळी भाजी निवडायचं काम, दुपारी बायकांना अक्षरं शिकवते. शाळा सुटली असं मला वाटत होतं, पण इथली मुलं जास्त मन लावतात, पळून जाता येत नाही ना. माझ्या शेजारी बुऱ्हाणपूरच्या रत्नप्रभाबाई आहेत, साठीच्या. तुझी पत्रं त्या माझ्याकडून दोनदा वाचून घेतात. तुझ्या वर्कशॉपमध्ये लेथ मशीन बंद पडल्याचं त्यांना फार लागलं. झालं का दुरुस्त, विचार म्हणाल्या. आणि मेघाचं काय? तू तिचं नाव चार पत्रांत घेतलं नाहीस, तेव्हा काहीतरी नक्की बिनसलंय असा इथल्या बायकांचा निकाल आहे.

वकील प्रतिभाताई सरकारी मदतीतून येतात, त्यांनी पुन्हा विचारलं की अपिलाला उशीर झालाय, तरी मुदत मागून बघू का. मी नको म्हटलं.

आता माझं मागणं. भाऊबीजेला इथं खुली मुलाकात असते, मध्ये जाळी नाही, काच नाही. तू ये. ओवाळणी म्हणून साडी-बिडी आणू नकोस, नेसायची कुठे? तुझी सहाव्या सेमिस्टरची मार्कशीट आण. झेरॉक्स चालेल. एकदा हातात धरून बघायची आहे. कमी मार्क असतील तरी आण, मी वर्गशिक्षिकेसारखी ओरडेन, तेवढीच मजा.

बाबा एकदाही आले नाहीत. गुडघ्यांचं कारण मला पटतं असं त्यांना सांग.

जीव तुमच्यातच आहे, वेगळा कळवत नाही.

तुझी
ताई


आनंद नगर, भोपाळ
२६ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. हा नमस्कार घेतलास तर बघ.

तू म्हणाली होतीस, समोर उभं राहून तोंडाने सांग. भाऊबीजेला समोर उभा होतो. सांगितलं नाही. उलट मार्कशीट नेली. समीरच्या दुकानात सगळं आहे, कॉम्प्युटर, प्रिंटर, दुसऱ्यांच्या मार्कशीटी. अर्धा तास लागला. मार्क फार चांगले दिले तर संशय येईल म्हणून एका विषयात अठ्ठेचाळीस ठेवले. हे ठेवताना मी नीट विचार केला, आत्या, चिडून नाही, घाईत नाही. माझ्या आयुष्यातली शांत डोक्याने केलेली ही पहिली गोष्ट.

गेटवर आधार कार्ड बघितलं, कागद उलटून पालटून पाहिला आणि त्यावर तपासल्याचा गोल शिक्का मारला. आता तो बऱ्याच अस्सल मार्कशीटींपेक्षा खरा दिसतो.

आत अंगणात शामियाना होता, सतरंज्या टाकलेल्या. भावांची रांग बरीच लहान होती. बहीण आत असली की भाऊ कमी येतात, असं शेजारचा हवालदार म्हणाला. ताई बारीक झाली आहे. मला बघून आधी म्हणाली, केस काप. ताटात कुंकू, तांदूळ, सुपारी आणि सगळ्यांत मिळून एक निरांजन. सोन्याने ओवाळायचं तर तिची अंगठी गेटवर जमा. मग तिने नुसतं बोट फिरवलं माझ्या तोंडाभोवती, गंभीर चेहरा करून, आणि मग स्वतःच हसली.

मी ताटात कागद ठेवला. तिने उघडला, वरपासून खालपर्यंत वाचला, अठ्ठेचाळीसवर बोट ठेवून माझ्याकडे डोळे वटारले. नंतर कागद पदराने पुसला. त्यावर काही लागलं नव्हतं.

बाहेर येऊन मी मेघाला फोन केला आणि बिट्टन मार्केटात बोलावलं. तिला सगळं सांगितलं, गाडीपासून मार्कशीटपर्यंत. मला वाटत होतं ती रडेल, किंवा माझा हात तरी धरेल. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "गौरांग, ये सब तुमने मेरे लिए नहीं किया. मेरा नाम इसमें मत लो." मग रिक्षा थांबवून गेली. भांडावंसं वाटलं, पण मुद्दा सापडेना.

फोनवर मला काही विचारू नकोस, बाबा ऐकतात. रागाला मी पात्र आहे, तो तरी अखंड असू दे.

गौरांग


महिला वॉर्ड, भोपाळ
२ नोव्हेंबर २०२५

चि. गौरांग यास,
आशीर्वाद, मावतील तेवढे घे.

हे पत्र छोटं आहे, कारण कागद रत्नप्रभाबाईंकडून उसना घेतला आहे. तुझी मार्कशीट पूर्ण बराकीत फिरली. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी आकडे वाचले. रत्नप्रभाबाईंनी ती देवाच्या फोटोपुढे एक दिवस ठेवून घेतली. तुझ्या अठ्ठेचाळीसवर इथं दोन तट पडलेत, एक म्हणतो पेपर कठीण होता, दुसरा म्हणतो मेघा.

खरं सांगू का? जून-जुलैत मला वाईट दिवस आले होते. तुला लिहिलं नाही. पहाटे जाग यायची आणि वाटायचं, मी हे का केलं? गोविंदच्या बायकोचा कोर्टातला चेहरा दिसायचा आणि वाटायचं, कुणाचं काय भलं झालं यातून? आता तसं होत नाही. कागद उशाशी आहे. पहाटे जाग आली की अंधारात नुसता चाचपते.

प्रतिभाताईंना मी अपिलाचं कायमचं नाही सांगून टाकलं. पुढल्या ऑक्टोबरात सुटेन तेव्हा तू इंजिनिअर असशील, मला घ्यायला नीट इस्त्रीचा शर्ट घालून ये.

माया पाठवते, पोचली की कळव.

ताई


आनंद नगर, भोपाळ
९ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, तुझ्या उशाशी असलेली मार्कशीट खोटी आहे. ती मी समीरच्या दुकानात बनवली. मे महिन्यात मी कॉलेज सोडलं. लेथ मशीन बंद पडलं नव्हतं, मी तिथं नव्हतोच. रत्नप्रभाबाईंना हे तू सांगू नकोस, मी कधी भेटलो तर मीच सांगेन.

दुसरं, गेटवरच्या मॅडमनीही वाचावं म्हणून स्पष्ट लिहितो. २१ जानेवारी २०२४ ला गाडी मी, गौरांग अशोक देशकर, चालवत होतो. कांचन शेजारी बसली होती आणि हळू चालव म्हणत होती.

तू रागाने हा कागद चुरगाळशील. ते ठीक आहे, पण आधी शेवटपर्यंत वाच. परवा प्रतिभाताईंना भेटलो. त्या म्हणाल्या, हे इतकं सोपं नाही. मी सांगितलं म्हणून तू लगेच सुटणार नाहीस, आणि कोर्टात खोटं सांगितलंस म्हणून तुझ्यावर वेगळा गुन्हा लागू शकतो. मी दोन दिवस हाच विचार केला. म्हणजे गप्प बसलो तरी तुझं नुकसान आणि बोललो तरी तुझं. आत्याने मला बजावलं होतं की सहन होत नाही म्हणून कबूल करू नकोस. खरं सांगतो, सहन होत नाही हेही त्यात आहेच. ते वेगळं काढता आलं नाही. पण तू अंधारात तो कागद चाचपतेस, हे वाचल्यावर मला तुझ्यासाठी दुसरं काही करण्यासारखं दिसेना. तुझ्या हाती एक खरी गोष्ट तरी असली पाहिजे. ती चांगली नाही, पण खरी आहे.

काल दुपारी बाबांना सांगितलं. जेवण झालं होतं, ते सुपारी कातरत होते. मी सगळं बोललो, ते कातरतच राहिले. मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "गाडी ठाण्यातून सोडवून आणली, तेव्हा पुढची सीट पार मागे होती. कांचनचे पाय तिथून क्लचला पोचत नाहीत. मी ती पुढे ओढली."

मी म्हटलं, तुम्हाला तेव्हापासून माहीत आहे? हॉस्पिटलात नेताना ती टोकावर बसून चालवत होती, हे मलाही तेव्हा आठवलं. तिला सीट ओढायला वेळ नव्हता, आणि मी ओढून दिली नाही.

बाबा म्हणाले, "मुलगा बाहेर राहावा असं वाटलं. मुलीचं..." आणि अडकित्ता पुन्हा उचलला. मी खुर्ची उचलली होती, आपटण्यासाठी. त्यांचे हात बघितले आणि खाली ठेवली. मुलाकातीला ते गुडघ्यांमुळे येत नाहीत असं नाही, ताई. आज सकाळी त्यांनीच मला सांगितलं की तुला हेही लिही. त्यांना स्वतः लिहायला जमलं नाही, तीन कागद फाडले.

आज रविवार असूनही प्रतिभाताई अकरा वाजता ठाण्यापाशी येणार आहेत. डब्यात पोळ्या घेतल्यात, किती वेळ लागेल माहीत नाही. बाबांच्या गोळ्या कुठे आहेत ते आत्याला कळवलं आहे, ती उद्या इंदूरहून येते.

गोविंदच्या घरी जायचं म्हणून मी दोनदा मंडीच्या गेटपर्यंत जाऊन परत आलो. ते राहिलं आहे. त्याला कोर्टाची तारीख लागणार नाही, ते मलाच करावं लागेल.

लोभ ठेव किंवा ठेवू नकोस. तू पुढच्या भाऊबीजेला मला ओवाळलं नाहीस तरी मी तुझा भाऊ राहीन, एवढं माझ्याकडून लिहून घे.

तुझा
गौरांग

ता. क. हे जिन्यात उभं राहून लिहितोय, म्हणून अक्षर वाकडं आलं आहे. बाबा बरोबर येतो म्हणाले, पलंगाखाली चपला शोधत होते. मी नको म्हटलं, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.