मैत्रिणीची बॅग भरताना

ती. आईस,

लेकीचा नमस्कार. मी बरी आहे. तू बॅगेत कोंबलेला जादा स्वेटर रोज अंगात असतो, हसू नकोस.

काल माझ्या खोलीतल्या मैत्रिणीची बॅग मी भरली. तिचे वडील गेले. तीन आठवडे ते दवाखान्यात होते, पण परीक्षा बिघडू नये म्हणून घरच्यांनी तिला कळूच दिलं नाही.

ती पलंगावर नुसती बसून होती. मी विचारलं, "जाड कोट ठेवू का इथेच?"

"नको, घाल बॅगेत. परत येणं जमेल असं वाटत नाही."

मग सगळंच भरलं. चेन लागेना, म्हणून ती उठून बॅगेवर बसली आणि तिथंच हमसून हमसून रडली.

आता खोलीत मी एकटीच आहे. काळजी करू नकोस. ताईचं पोट आता दिसायला लागलं का?

आई, फोनवर विचारायला धीर होत नाही, म्हणून लिहिते. गेल्या चार फोनांत बाबा दर वेळी झोपलेले होते. दिवसा ते कधी आडवेसुद्धा व्हायचे नाहीत. माझी परीक्षा बिघडली तर बिघडू दे. पुढच्या वेळी फोन त्यांच्या कानाला लाव. नुसते खोकले तरी चालेल.

तुमची दोघांची,
धाकटी