छायाची नाडी आणि माझी उत्तम झोप

१२ जानेवारी २००३
डॉक्टरांनी बायकोच्या आजाराचं नाव सांगितलं. ल्युपस. गालावरचे चट्टे, सांधेदुखी, सगळं त्याचंच. अंगाची राखण करणाऱ्या अँटीबॉडीज छायाच्या अंगात घरच्यांवरच काठी उगारतात म्हणे. त्यातल्या एका प्रकाराने रक्ताच्या गुठळ्या होतात, हृदयाला धोका. वय चौतीस. गोळ्या चुकवू नका, ऊन टाळा, घरात बिडीचा धूर नको, म्हणाले. मी घाबरलेलो नाही. द्राक्षबागेवर डावणी रोग आला तेव्हा तरी कुठे घाबरलो होतो. आजपासून बिडी बंद.

१३ जानेवारी, सकाळ
झोप उत्तम.

१४ जानेवारी
संक्रांत. सण म्हणून एकच, शेडच्या मागे. वारा बागेकडे होता, घराकडे नाही. म्हणजे नियम मोडला नाही.

२० जानेवारी
प्लॅन तयार. अंगातले राखणदार उगाच कशाला बिथरतील? थकले असणार. रोगट वेलीला आपण ताकदीचं खत देतोच की. कळवणच्या सिंधुमावशीकडून गुळवेल मागवली. काढा रोज पेलाभर. डॉक्टरांना विचारलं नाही, त्यांची कुठे बाग आहे. छाया म्हणाली, लय कडू हाय, तुम्ही जा बागेत, मी घेते सावकाश. ऐकते बिचारी.

२ फेब्रुवारी
गालाची लाली उतरली. काढा लागू पडला. मावशीला फोन करून सांगितलं, गोळ्यांचा विषय काढला नाही. झोप उत्तम. माझ्याच छातीत जरा धडधड होते. गॅस असावा.

९ फेब्रुवारी
बागेत छातीत कळ, दरदरून घाम. मी गेलो असं वाटलं. छायाने डोक्यावरून पदर घेतला, एम-एटी काढली, मला मागे बसवलं. धोका तिच्या हृदयाला आणि गाडी तीच चालवतेय.

ईसीजी नॉर्मल. डॉक्टरांनी विचारलं, झोप कशी? उत्तम, म्हणालो. छाया म्हणाली, महिना झाला, रात्रभर माझं मनगट धरून बसत्यात. मला वाटायचं ती झोपलेली असते.

विषय बदलावा म्हणून काढ्याचं सांगितलं. डॉक्टर भडकले. बिथरलेल्या राखणदारांच्या हातात आणखी काठ्या देताय का, म्हणाले. आपल्याच हाताने तिला काही झालं असतं तर?

छाया शांतपणे म्हणाली, प्यालेच नाय मी. पहिल्याच दिवशी दवाखान्यात फोन करून नर्सला विचारलं होतं. रोज जास्वंदीला घालते. शेडमागची बिडी पण माहितीये मला.

घरी येऊन बघितलं, जास्वंदीला भरपूर कळ्या आहेत. काढ्यात दम होता.

१० फेब्रुवारी
झोप लागली नाही. रात्री तिनेच मनगट माझ्या हातात दिलं, म्हणाली, धरा, पण आडवे होऊन धरा. नाडी नीट लागत होती. मला फार भीती वाटते.