अर्धं पाकीट

६ जुलै, रविवार. सकाळी ९
हितेंद्रने दगा दिला. अठरा वर्षं दर दुसऱ्या रविवारी डायचं एकच पाकीट. अर्धं त्याच्या डोक्याला, अर्धं माझ्या. एकाच वाडीत समोरासमोर खोल्या, फोर्टात एकाच इन्शुरन्स ऑफिसात टेबलं. मार्चमध्ये त्याने व्हीआरएस घेतली, तेही मी खपवून घेतलं. आज वाटी घेऊन गेलो तर म्हणतो, "मन्या, मी डाय सोडला. आता आहे ते असू दे." मी कालवून बसलेलो! कालवलेलं ठेवता येत नाही. सगळं मीच लावलं. उरलं ते मिशीला.

१० जुलै
वाडीच्या गणपतीतलं नाटक यंदा नूपुर बसवतेय. वय चोवीस. तिला म्हटलं, हिरोचं टेन्शन घेऊ नकोस, बावीस वर्षं मीच करतोय. "काका, सो स्वीट," म्हणाली. म्हणजे ठरलंच. उद्यापासून रोज चौपाटीपर्यंत चालणे.

११ जुलै
आज शुक्रवार. चालणं सोमवारपासून.

२० जुलै, रविवार
पूर्ण पाकीट एकट्याने. भुवयाही केल्या. दुर्गा म्हणाली, "उरलं तर केरसुणीलाही लावा." बायकोकडे दुर्लक्ष केलं. हितेंद्र गॅलरीत पेपर वाचत होता, कानांवर दोन बोटं पांढरं. म्हातारा दिसतोस, सांगितलं. हसला. "चोपन्नचे झालो रे. फसवायचंय कुणाला?" हे त्याने अनेकवचनात बोलायला नको होतं.

२७ जुलै
नाटकाचं वाचन. टाइप इतका बारीक की मी नुसता ऐकत बसलो. (चष्म्याची गरज नाही. हल्ली छापतातच तसं.) हिरो शंतनु, वाडीतलं कालचं पोर. मला हिरोचे वडील! नूपुरला म्हटलं, माझे केस बघ. म्हणाली, "काका, तोच तर प्रॉब्लेम आहे." हिरो नाहीतर काहीच नाही, असं सांगून उठलो. दोन दिवसांत समजूत काढायला येईल.

२९ जुलै
बिझी असेल.

२ ऑगस्ट
वडिलांचं काम हितेंद्रला! बावीस वर्षं पडदा ओढणाऱ्या माणसाला! विग लागणार नाही म्हणे. आता कळलं डाय का सोडला. मार्चपासूनचा कट. वर म्हणतो, "तुला हवं तर तू कर, मी नूपुरशी बोलतो. फक्त थोडं पांढरं येऊ दे." याची दया नको. नाही म्हटलं.

३ ऑगस्ट, रविवार
पूर्ण पाकीट. दुपारपर्यंत मिशीखाली ओठाचा बटाटेवडा. डॉक्टर म्हणाले, डाय बंद. बंद नाही, स्थगित.

१७ ऑगस्ट
मुळाशी पांढरं, वर काळं. नूपुरला सहज म्हटलं, वडील चालतील. "काका, नाटक बसलं आता. प्रॉम्प्टिंग कराल?" प्रॉम्प्टर म्हणजे नाटकाचा कणा. हो म्हटलं.

२४ ऑगस्ट
तालमीत कुणी अडलं नाही. त्यामुळे वाचावं लागलं नाही.

३० ऑगस्ट, शनिवार
नाटक झालं. दुसऱ्या अंकात हितेंद्र अडला. विंगेत माझ्याकडे बघू लागला. ठरवलं होतं, अडला तर अडू दे. तरी वही लांब धरली. मग आणखी लांब. अक्षरांच्या नुसत्या मुंग्या. घामाने कॉलर चिंब.
एवढ्यात तो "अरे, चहा आणा कुणीतरी!" म्हणत विंगेपर्यंत आला, डोळ्यांवरचा चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि कुजबुजला, "वाच."
लख्ख दिसलं. वाचलं: "मला आता कसलीच घाई नाही."
तो वळून तेच म्हणाला. टाळ्या पडल्या. अर्थात त्याला.
आमच्या दोघांचा नंबर एकच आहे, हे इतक्या वर्षांत त्याने मला सांगितलं नव्हतं.

३१ ऑगस्ट, रविवार
वाटी काढली नाही. हितेंद्रच आला, चष्मा मागायला.
पेपर अर्धा राहिलाय म्हटलं, बस जरा.