सेल्वी अक्काचे वाकडे टाके

शुक्रवार, कुंभकोणम

मीच मूर्ख. समोर राहणाऱ्या कावेरीच्या बाळासाठी आम्ही गल्लीतल्या सातजणी आपापल्या जुन्या साड्यांचं दुपटं शिवतोय, माझ्याच ओसरीवर, दर शुक्रवारी. त्यातल्या सेल्वी अक्काचे टाके वाकडे. आयुष्य मागावर रेशीम विणण्यात गेलं, सुई कधी धरलीच नाही. गेल्या शुक्रवारी सगळ्या गेल्यावर मी तिचे टाके उसवले आणि सरळ घातले. आईने लावलेली खोड, दुसरं काय!

आज अक्काने आपल्या साडीच्या तुकड्यावरून बोट फिरवलं. तमिळमध्ये म्हणाली, "छान झालंय. मग मला कशाला बोलावलंस गं?" सुई खाली ठेवली आणि निघून गेली. बाकीच्या खाली मान घालून शिवत राहिल्या.

माझा टाका सरळ, हे मला कुणाला दाखवायचं होतं? बाळाला?

आत्ताच ते सरळ टाके उसवले. खाली अक्काच्या सुईची भोकं अजून आहेत, वाकड्या रांगेत. उद्या सकाळी दुपटं घेऊन तिच्या पायरीवर बसणार. हाकललं तरी उठणार नाही. सुईत लाल दोरा ओवून ठेवलाय. त्याच भोकांतून तिनेच घालायचा.