मेघाची टीसी काढू नको

चाकण, रविवार

सरिता, तुले आन् घरच्या सगळ्याईले माझा जयभीम.

मी बरा आहो. जेवण वेळेवर होते. आईचं ढोपर आता कसं आहे? कपाशीचा शेवटचा वेचा झाला का?

मागच्या आठवड्यात आमच्या कंपनीनं एका नव्या कंपनीची इलेक्ट्रिक गाडी आणली आन् आम्हा कामगाराईसमोर खोलली. "लोक आपली सोडून हीच गाडी घेत आहेत. का ते बघा," साहेब म्हणे. आतमधी इंजिनच नाई. पाण्याच्या गुंडाएवढी मोटर, दोघाईनं हातानं उचलली. आमच्या इंजिनाले क्रेन लागते.

माझ्या लाइनवरच्या कैलासनं विचारलं, "साहेब, हे बनवाले माणसं किती लागतीन?" साहेब म्हणे, "मोटर आधी जागेवर ठेवा."

परवा सांगतलं, मार्चअखेर आमचा इंजिनाचा विभाग बंद. आता आमची कंपनीही इलेक्ट्रिकच बनवणार, पण मोटर बाहेरून आणणार. मी आन् कैलास काल त्या नव्या कंपनीतही गेलतो. "इंजिनवाले आम्हाला नकोत," म्हणून गेटवरूनच वापस पाठवलं. तू काळजी करू नको. पाहतो कुठं काही.

पण शाळेतून मेघाची टीसी काढू नको. जूनमधी तुम्हाले इकडं आणतो, असं मीच म्हटलं होतं. तिनं मैत्रिणीईले सांगूनही टाकलं असन. आता तिले काय सांगाचं, मले सुचत नाई. सध्या एवढंच सांगजो का बाबा एप्रिलमधी घरी येऊन राह्यले. ती खूश होईन. होऊ देजो.

तुझाच,
धम्मदीप