विठ्ठलला बंदर लागले

चिक्कडपल्ली, हैदराबाद
पौष, सन १९४८

प्रिय नामदेवराव यांस,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार. गिरगावात सगळे धडधाकट असाल, गुडघा चालू देत असेल (देत नसेल तरी हे पत्र वाचून उठावेच लागेल). इकडे शहरात रोज नवी अफवा, आणि घरात भामा घटकेघटकेला दार उघडून टपालवाला दिसतो का पाहते. मी तिच्यावर खेकसतो आणि मग स्वतः जाऊन पाहतो.

आमचा विठ्ठल कराचीहून निर्वासित आणणाऱ्या बोटीवर स्वयंसेवक झाला, हे तुम्ही जाणताच. त्याचे कार्ड आले. लिहितो, 'बंदर लागले की सगळ्यांना हायसे वाटते. बंदर सोडताना म्हातारी माणसे रडतात. मी बराच वेळ बंदराकडे पाहत बसतो.' आता माझे शिक्षण उर्दू चौथीपर्यंत, आणि आमचा समुद्र म्हणजे हुसेनसागर. इथे बंदर म्हणजे शेपटीवाले. भामा किंचाळली, "अहो, मेल्यांनी बोटीवर माकड पाळलंय, आणि ते माझ्या पोराला लागलंय!" (लागले म्हणजे चावले, असे आम्ही धरले.) सुलतान बाजारातले कापडवाले एकनाथराव शहाणे, म्हणून त्यांना विचारले. म्हणाले, "काट्या तो पेट में सुयाँ लेना पडता, भाऊ. देर नक्को करो." म्हातारी माणसे त्याला सोडताना का रडतात, हे त्यांनाही उमगेना, संकटात जनावराचीही माया जडते म्हणाले.

तसाच धावलो आणि बोटीच्या मुंबईच्या कचेरीत तार ठोकली: 'बंदर ताबडतोब सोड. घरी ये. आईने अन्न टाकले.' (टाकलेच होते.) परत आलो तर शेजारच्या कुसुमताई, माहेर रत्नागिरीचे, कार्ड वाचून पायरीवरच बसल्या. "अहो काका, बंदर म्हणजे बोट लागते तो धक्का हो!" हसू मलाही आले; मग तार आठवली आणि घाम फुटला. पोरगा समजेल आई चालली. काम टाकून निघेल, आणि त्या घरदार गमावलेल्या माणसांना पाण्याचा पेला कोण देईल? दुसरी तार करावी, तर तारेची लाईन तुटलेली. म्हणून हे पत्र मुंबईला निघालेल्या माणसाच्या हाती देतो. धक्क्यावर जाऊन त्याला गाठा. आई ठणठणीत आहे, सेवा सोडू नकोस, असे बापाने सांगितले म्हणा.

तुमचा,
लक्ष्मणराव

ता. क. भामा म्हणते, आई मजेत आहे म्हणा, पण फार मजेत आहे असे नका म्हणू.

आणखी ता. क. ही ओळ भामाला दाखवलेली नाही. वर सेवेचे लिहिले ते खरेच. पण पोरगा बोटीवरून उतरलाच असेल, तर तो इकडच्या नामपल्ली स्टेशनाच्या गाडीत बसून गाडी हलेपर्यंत त्याला आईची खुशाली सांगू नका.