माझ्या डोळ्यातला कॅमेरा

चिरंजीव धाकटीस,

मोठीचा आशीर्वाद. (नातवंडं झाली तरी तू मला चिरंजीवच, तक्रार नको.) तुझे गुडघे कसे आहेत? आणि तुझ्या त्या माणसाचं घोरणं? इकडे सगळे मजेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील तर तशाच वाच. माझा उजवा डोळा गेल्यात जमा आहे आणि डावा त्याच्या मागोमाग निघालाय. परवा मी सगळ्यांच्या चहात साखर म्हणून धुण्याची पावडर घातली. सूनबाईंच्या तोंडाला फेस आला, आणि या खेपेला तो माझ्या बोलण्याने नव्हता.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनला येता सोमवार दिलाय. आणखी लांबवलंत तर मला जमणार नाही, म्हणाल्या, आणि सोबत घरचं माणूस हवं. घरचं माणूस म्हणजे तुझा भाचा. तो दुकानांत कॅमेरे बसवतो, तुला ठाऊकच आहे. दिवसभर शिडीवर चढून दुसऱ्यांवर नजर ठेवायची सोय करायची आणि संध्याकाळी घरी येऊन आपल्यावर कोण नजर ठेवतंय ते हुडकायचं, असं त्याचं चाललंय. आता त्याच्या डोक्यात बसलंय की मोतीबिंदू काढून जे भिंग घालतात त्यात कॅमेरा असतो, आणि म्हातारी माणसं बघतात ते सगळं वरच्यांना दिसतं, म्हणून मला ऑपरेशनला न्यायला तयार नाही. (वरचे म्हणजे कोण विचारलं की छताकडे बघतो. वरती इस्त्रीवाला राहतो.) अरे, म्हटलं, माझ्या डोळ्यातून त्यांना दिसणार काय, तुझे वाळत घातलेले बनियन? तर म्हणतो, "आई, तू भोळी आहेस." मी! भोळी!

शाळा मला कमी, पण चहाड्या ऐकण्यात जन्म गेलाय. आधी विचारायचं, तुला सांगितलं कोणी? म्हणाला, गल्लीतल्या वेल्डरने. माझा पाय घरात ठरेना, काठी उचलली आणि गेले वेल्डरकडे. वेल्डर म्हणाला, मेहुण्याने. मेहुणा कोपऱ्यावर चाव्या बनवतो. त्याने कानस खाली ठेवली आणि माझ्याकडे बघतच राहिला. "मावशी, थट्टा करता का? तुमच्याच मुलाने सांगितलं की! कॅमेऱ्यातला माणूस, म्हणून विश्वास ठेवला." म्हणजे बातमी गल्लीला वळसा घालून आमच्याच दारात चप्पल काढत होती. घरी येऊन हे सांगितलं, तर तुझा भाचा खूश! "बघ, तिघांनाही पटलं."

मग त्याने पुरावा काढला. शेजारच्या नर्सबाईंच्या डोळ्यात भिंग आहे. त्यांना अंधाऱ्या जिन्यात उभं करून याने फोनचा दिवा मारून फोटो घेतला, आणि डोळा चमकला. झालं! मी म्हटलं, आता मांजराचा घे. मांजर तर दुप्पट चमकलं (म्हणजे ते मोठ्या हुद्द्यावर असणार). मग सूनबाईंना म्हटलं, आता याचाच घ्या. याचे दोन्ही डोळे लालभडक, गाडीच्या मागच्या दिव्यांसारखे! याला कधी साधा चष्मासुद्धा लागला नाही. मला वाटलं, सुटलो एकदाचे. तो बराच वेळ फोटो बघत बसला, आणि हळूच म्हणाला, "आई, मलाही बसवलाय."

तेव्हापासून तो घरात काळा चष्मा लावून फिरतो आणि दारांना धडकतो. सूनबाई एका हाताने मला धरतात, दुसऱ्या हाताने त्याला. मी त्याला शेवटचं विचारलं, काय दाखवलं म्हणजे तू म्हणशील की कॅमेरा नाही? म्हणाला, "असं काहीच नाही." धाकटे, तिथे मी ओळखलं, हे दुखणं भिंगाचं नाहीच. सोमवार जवळ येतोय आणि मी खाटेवरून उठते, खिडकीशी जाते, काही दिसत नाही म्हणून परत येते.

तुझी,
मोठी

ता. क. तुझे भाऊजी दवाखान्यात स्वतःच्या पायांनी गेले आणि लोकांच्या खांद्यावरून आले. त्या वेळी तुझा भाचा दारात त्यांच्या चपला धरून उभा होता. भीती वाटते म्हणायची त्याला लाज वाटते, कॅमेरा आहे म्हणायची वाटत नाही. मी त्याला हे बोलून दाखवलेलं नाही, तूही दाखवू नकोस.

आणखी ता. क. म्हणून रविवारीच ये. माझ्यासोबत तो बसेल, त्याच्यासोबत तू बस. माझा हात कोणी धरायला नको, त्याचा धर.

शेवटचं. तुझ्या तर दोन्ही डोळ्यांत भिंगं आहेत. हे पत्र काळा चष्मा लावून वाच. माझा काडीचा विश्वास नाही, पण असलं अक्षर परक्यांना कशाला दाखवायचं?